आधी पाणी बघून येतो

आपल्या घराण्यात एके काळी मेंढरं होती, ही गोष्ट तुळजारामला वर्षातून एक-दोनदाच आठवायची, आणि आठवली की घरातल्या बाकीच्यांचं हमखास काहीतरी नुकसान व्हायचं. एरवी हुमनाबादच्या एका कारखान्यात पावडरीची पोती मोजून गेटपास फाडणारा हा माणूस. आयुष्यात त्यानं एकही मेंढरू राखलं नव्हतं. त्याच्या बापानंच सगळा कळप विकून हायवेमागं जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि दारात एक म्हैस आणली. तरी समाजाच्या मीटिंगला फेटा बांधून तुळजाराम "आपण रानावनातली माणसं" असं सुरू करायचा, तेव्हा त्याची बायको जगदेवी पदर तोंडाला लावून बसायची. बघणाऱ्यांना वाटायचं, बाईचे डोळे भरून आले.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, ही मेंढरं परत आठवली. कारण झालं एक बेट.

बेटाचा विषय काढला जगदेवीनं. ती अंगणवाडीत मदतनीस होती आणि अंगणवाडीच्या भिंतीवर एका सिमेंटवाल्याचं कॅलेंडर होतं. त्यावर निळं पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेला एक नारळ. पोरांना उपमा वाढता वाढता वर्षभर ती त्या नारळाकडं बघत आली होती. पण नुसतं तेवढ्यावर ती बोलली नसती. थोरली प्रतीक्षा बारावी झाली होती आणि जूनमध्ये नर्सिंगला पुण्याला जाणार होती. आधी वसतिगृह, मग नोकरी, मग कुठलंतरी सासर. "आम्ही चौघं" असं म्हणायला जगदेवीकडं हा एकच उन्हाळा उरला होता. नवरा, आपण, प्रतीक्षा आणि नववीतला माउली, असे चौघं एकदा कुठंतरी जाऊन यायचं, एवढंच तिला हवं होतं. सासू तानुबाईनं आधीच सांगून टाकलं होतं की पाण्यात जाऊन मला काय करायचंय, मी म्हशीजवळ थांबते.

आता कुणी म्हणेल, ही माणसं कधी फिरायला जातच नव्हती का? जात होती की. दरवर्षी मैलारच्या जत्रेला जात होती. एका क्रूझर गाडीत भावकीतली सतरा माणसं, दोन पातेली, एक स्टोव्ह आणि पिठाचा डबा. पुरुषमंडळी झाडाखाली गप्पा मारत आणि जगदेवी स्टोव्हपुढं भाकरी थापत बसे. घरी यायची तेव्हा तिला देवापेक्षा तवाच जास्त आठवायचा. म्हणून बेटाला भावकी नको, ही तिची पहिली अट होती. स्टोव्ह नको, ही दुसरी. तुळजारामनं दोन्ही अटी मान्य केल्या. इतक्या पटकन मान्य केल्या, तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं.

मग घरात नियोजन सुरू झालं. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून प्रतीक्षानं माहिती काढली. तिनं पहिल्यांदा उडुपीजवळचं, मालपेच्या समोरचं नारळाचं बेट सुचवलं. गुलबर्ग्याहून थेट बस, पुढं बोट, सगळं आवाक्यातलं. तुळजारामनं ते ऐकूनच नाक मुरडलं. साध्या सरकारी बसनं जाता येतं ते कसलं बेट? शेजाऱ्यांना काय सांगायचं, कर्नाटकातल्या कर्नाटकात जाऊन आलो म्हणून? बेट म्हणजे अंदमान. तिथं जहाजानं जावं लागतं. चेन्नईहून जहाज, वरखाली पाळण्यासारखे बिछाने, स्वस्तातलं तिकीट. विमानाचा विचार त्याला परवडत नव्हता आणि मालपेचा विचार शोभत नव्हता.

माउलीला पाण्याखाली जाऊन मासे बघायचे होते. त्यासाठी त्यानं काळा गॉगल घेतला होता. तो पाण्याखाली घालायचा नसतो, हे त्याला बहिणीनं सांगितलं, त्यावरून दोघं दोन दिवस बोलत नव्हती. तुळजारामचं लक्ष वेगळीकडंच होतं. जहाजात माउलीचं अर्धं तिकीट चालेल का, ही त्याची चौकशी चालू होती. माउलीला मिसरूड फुटलेलं, आवाज फाटलेला. बाप म्हणाला, मिशी काढ आणि तिकिटाच्या खिडकीवर तोंड उघडू नकोस, बाकी मी बघतो. ज्या पोरानं त्या चार केसांची सहा महिने वाट बघितली होती, त्याला हे किती लागलं असेल. त्या रात्री तो जेवला नाही. स्वस्तातली सहल म्हणजे काय, ते पोरांना असं घरीच कळत होतं.

आणि मग एका रविवारी, गुळाचा चहा पिता पिता, तुळजारामला मेंढरं आठवली.

त्याचं म्हणणं साधं होतं. कारखान्यातल्या एकाला तिरुपतीच्या सहलीत कुण्या एजंटानं फसवलं होतं. पैसे घेऊन वाटेतल्याच एका धर्मशाळेत सोडून दिलं होतं. आपण मेंढपाळाची औलाद. आपले पूर्वज कळप घेऊन उठसूट कुठंही जात नव्हते. कळप हलवायच्या आधी एक जाणता माणूस पुढं जायचा. चारा किती आहे, पाणी आहे का, गावचा पाटील कसा आहे, हे सगळं बघून यायचा, मग कळप निघायचा. ही आपली रीत आहे आणि ती मोडून बायकापोरांना समुद्रात नेणं त्याच्या मनाला पटत नव्हतं.

"आधी पाणी बघून यावं लागतंय," तो म्हणाला. "मी नुसतं बघून येतो. बरं असलं तर मग सगळे मिळून जाऊ."

जगदेवीनं विचारलं की फोन करून चौकशी केली तर चालणार नाही का. तर तो म्हणाला, फोनवर चारा दिसतो का? भावकीत ही गोष्ट पसरली आणि ज्यांना या सहलीत घेतलेलं नव्हतं त्या सगळ्यांना रीत एकदम आवडली. चुलता रेवणसिद्धप्पा, ज्याची तीन पोरं पुण्याला रंगकाम करत होती आणि ज्याच्या दारात एक शेळीही नव्हती, तो मान डोलवून म्हणाला की असंच असतंय, आजकालच्या पोरांना हे ठाऊक न्हाई. एकट्यानं जाणं बरं नाही म्हणून कारखान्यातला काशप्पा बरोबर जायला तयार झाला. त्याच्या घराण्यात मेंढरं कधीच नव्हती. पण दोघांत एक खोली स्वस्त पडते, आणि स्वस्ताईपुढं घराणं कोण बघतो.

खरं सांगायचं तर जगदेवीला थोडा अभिमानसुद्धा वाटला. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण तिच्या एखाद्या इच्छेसाठी हा माणूस इतका लांब जातोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिनं कडक भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, तुरीच्या डाळीचं पीठ भाजून दिलं. सहलीसाठी आणलेली नवी बॅग त्यालाच दिली. जहाजावर ऊन लागेल म्हणून माउलीचा गॉगल दिला. माउलीनं तो देताना तोंड फिरवलं. साठवलेली सगळी रजा घेऊन आणि सहलीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून चौकशीपुरते घेऊन तुळजाराम एप्रिलच्या शेवटी हैदराबादच्या बसमध्ये बसला. पोचवायला भावकी आली होती. रेवणसिद्धप्पानं कपाळाला भंडारा लावला. सरहद्दीवर चाललेल्या जवानालासुद्धा इतकं कुणी पोचवायला येत नाही.

आठ-दहा दिवसांत येतो म्हणाला होता. दहा दिवस झाले तेव्हा त्याचा पहिला फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. जगदेवीनं विचारलं की बघून झालं का.

"एक बघितलंय," तो गंभीर आवाजात म्हणाला. "पण इथं लई बेटं हायत. एकच बघून कसं ठरवायचं? पोरांचा सवाल हाय."

पुढच्या फोनला दुसरं बेट बघून झालं होतं. त्याच्या पुढच्या फोनला तिसरं चालू होतं; तिथली वाळू बरी आहे, पण घाईनं काही सांगता येणार नाही, असं त्याचं मत पडलं. मग परतीच्या जहाजाचं तिकीट मिळेना. मे निम्मा सरला. घरात प्रतीक्षा पुण्याची ट्रंक भरायला लागली होती आणि सहलीसाठी काढलेली दुसरी पिशवी तिच्याच शेजारी रिकामी लोंबत होती. दोन्ही एकाच खोलीत बघणं जगदेवीला जड जायला लागलं. तिनं पिशवी उचलून माळ्यावर टाकली, दुसऱ्या दिवशी परत खाली काढली.

आणि एका सकाळी तुळजाराम आला. आधीच सावळा, आता तव्यासारखा झालेला. हातात एक मोठा शंख. अंघोळ करून, चहा घेऊन, ओट्यावर मांडी घालून त्यानं आपला अहवाल सादर केला. ऐकायला रेवणसिद्धप्पा मुद्दाम आला होता.

जागा बरोबर नाही, असा एकंदर निष्कर्ष होता. पहिलं म्हणजे पाणी खारट. हे कळायला चेन्नईच्या पुढं तीन रात्री जहाजात काढाव्या लागल्या होत्या. जहाजात माणसं ओकतात. ऊन म्हणाल तर आपल्यापेक्षा वाईट, घाम वाळत नाही. मटण कुठं नीट मिळत नाही, बघावं तिथं मासे. बायका पाण्यात उतरतात त्या कसल्या कपड्यात, ते त्यानं सांगितलं नाही, पण त्यानं ते बारकाईनं बघितलेलं दिसत होतं. एकंदर आपल्या पोरांना न्यायची ती जागा नव्हे. माणूस फसला असता. बरं झालं बघून आलो. आणि आता रजाही उरलेली नाही, पैसेही निम्मे गेलेत, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडं कुठंतरी बघू.

पुढच्या उन्हाळ्यात, हे शब्द त्यानं चहाच्या कपात बघत म्हटले. प्रतीक्षा उठून आत गेली. जगदेवीला रडू आलं नाही, राग आला, आणि रागापेक्षाही स्वतःची लाज वाटली, की आपण याला चटणी कुटून दिली. फोटो काढले का, असं माउलीनं विचारलं. समुद्राच्या हवेनं फोन बंद पडला, असं उत्तर मिळालं. गॉगल कुठंय, असंही त्यानं विचारलं. तो लाटेत गेला होता. किनाऱ्यावरून पाणी बघणाऱ्या माणसाचा गॉगल लाटेत कसा जातो, हे कुणी विचारलं नाही.

समुद्राच्या हवेनं काशप्पाचा फोन मात्र बंद पडला नव्हता. काशप्पाला आपल्या पराक्रमाचा इतका आनंद होता की त्यानं स्टुडिओत जाऊन फोटो धुवून आणले. त्याची बायको गंगव्वा ते सगळे फोटो घेऊन संध्याकाळी जगदेवीच्या दारात आली. तिचा चेहराच सांगत होता की तिच्याही घरी पाण्याचा अहवाल सादर झालेला आहे.

फोटो ओट्यावर मांडले गेले. तुळजाराम नुकताच कामावरून आला होता. तो फोटो बघून उठायला लागला, तर तानुबाईनं त्याला बस म्हटलं. म्हातारीला जवळचं दिसत नव्हतं. तिनं माउलीला सांगितलं की एकेक फोटो उचल आणि काय आहे ते मला सांग.

माउली सांगायला लागला. या फोटोत अप्पा पाण्यात गळ्यापर्यंत बसलेत. या फोटोत अप्पांनी भगवं जाकीट घातलंय आणि पिवळ्या फुग्याच्या होडीवर काशप्पाकाकांच्या मागं बसलेत. या फोटोत अप्पा शहाळं प्यायलेत. या फोटोत अप्पा वाळूत आडवे झालेत, डोळ्याला माझा गॉगल आहे. या फोटोत अप्पांनी तोंडाला काचेचा मुखवटा लावलाय, मागं मासे आहेत. इथं माउलीचा आवाज फाटला, आणि यावेळी ते वयामुळं नव्हतं.

"तोंड कसं हाय त्याचं?" तानुबाईनं विचारलं.

"हसायलेत," माउली म्हणाला.

या घरात कळपाबरोबर खरोखर चाललेलं माणूस म्हणजे एकटी तानुबाई. लहानपणी आईच्या पाठीमागं, कोकराचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती भीमेच्या काठापर्यंत गेलेली होती. आपल्या पोराची भाषणं तिनं आजवर ऐकून घेतली होती, कारण त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

"माज्या मामाला धाडायचे पाणी बघायला," ती म्हणाली. "दिवसभर उन्हात चालायचा. वढ्याच्या काठाला बसून बघायचा आन् तसाच तहानेला माघारी यायचा. कळपाच्या आधी त्या पाण्याला तोंड लावायचं न्हाई, असं व्हतं आमच्यात."

"आई, ते खारं पाणी," तुळजाराम म्हणाला. "ते कोण पितंय?"

"मग हसायलास कामून?"

गंगव्वानं फोटो गोळा केले. तुळजाराम म्हशीला पाणी दाखवायला म्हणून उठला. म्हैस नुकतीच पाणी प्यायली होती, तरी तो तिच्यापुढं बादली धरून बराच वेळ उभा राहिला.

त्या आठवड्यात जगदेवीनं कुणाशी भांडण केलं नाही. अंगणवाडीच्या बायकांची भिशी होती, तिचा नंबर दिवाळीला होता, तो तिनं एकीशी बदलून घेतला. प्रतीक्षाला सांगितलं, तुझं ते मालपेचं बेट काढ परत. प्रतीक्षानं सायबर कॅफेतून चौकशी केली. पावसाळा लागला की बोटी बंद होतात, त्याला आता थोडेच दिवस उरले होते. तानुबाईनं आपणहून लुगड्याचं गाठोडं बांधलं. म्हशीजवळ थांबायला आता घरात एक माणूस होतं, ज्याचा समुद्र बघून झालेला होता.

तुळजारामनं सुरुवातीला हे थट्टेवारी नेलं. मग तो म्हणाला, मीही येतो. कारखान्यात जाऊन रजा मागितली. सुपरवायजरनं विचारलं, मागच्या वेळी काय राहिलं होतं बघायचं? भावकीला कळल्यावर रेवणसिद्धप्पा समजूत घालायला आला, की बाईमाणसानं एकटं पोरं घेऊन जाणं बरं नव्हे, आधी कुणीतरी पुढं जाऊन बघून यावं. मी जाऊ का, असंही तो म्हणाला. जगदेवीनं त्याला चहा दिला आणि साखर घालायची विसरली.

गुलबर्ग्याहून बस सुटली तेव्हा खिडकीखाली तुळजाराम उभा होता. त्यानं माउलीला नवा गॉगल दिला. बस हलेपर्यंत तो काहीतरी बोलायला बघत होता, मग नुसतं म्हणाला की डोकं बाहेर काढू नका. माउलीचं तिकीट पूर्ण काढलेलं होतं आणि त्याची मिशी जागच्या जागी होती.

बेट लहानच निघालं. काळे उभे खडक, शिंपल्यांची पांढरी रेघ आणि कॅलेंडरमधल्यासारखे वाकलेले नारळ, तेही एक नाही, रांगेनं. तानुबाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, एवढं पाणी आहे पण चारा कुठंच दिसत नाही. माउली पाण्यात डोकं घालून मासे शोधत होता. जगदेवी वाळूत बसली होती. तिच्यापुढं स्टोव्ह नव्हता, तवा नव्हता, आपल्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, आणि ते न कळणं तिला फार आवडलं. प्रतीक्षानं एका परक्या माणसाला फोन देऊन सगळ्यांचा फोटो काढायला सांगितलं. चौघंच होती फोटोत. पण जगदेवीनं मनात धरलेली चौघं ही नव्हती, आणि उभं राहताना प्रतीक्षा सवयीनं एका बाजूला जरा जागा सोडून उभी राहिली. जगदेवीनं ते बघितलं.

तेवढ्यात जगदेवीचा फोन वाजला. तुळजाराम होता. म्हैस दुधाची चरवी लाथाडते, तिच्या खुराकाची चुनी कुठं ठेवलीय ते सापडत नाही, असं काहीबाही तो सांगत होता. मग त्याला लाटांचा आवाज आला असावा.

"कसं हाय पाणी?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर जगदेवी गुलबर्ग्यापासून तोंडात घोळवत आली होती. तिनं ते सावकाश, एकेक शब्द चाखत दिलं.

"आमी नुसतं बघायलोय. बरं असलं तर मग सगळे मिळून येऊ."

तो रागावेल, नाहीतर खोटं हसेल, असं तिला वाटलं होतं. दोन्हींसाठी तिची तयारी होती.

"कवा?" तो म्हणाला.

चिडून नाही. खरोखर विचारल्यासारखं, लहान आवाजात. जगदेवीनं समोर बघितलं. प्रतीक्षा पाण्याच्या कडेला वाकून शिंपले वेचत होती आणि ओढणीत बांधत होती, पुण्याला न्यायला. ट्रंकेत अजून थोडी जागा आहे, असं ती सकाळीच म्हणाली होती.

"कुणाचा फोन हाय, आई?" प्रतीक्षानं तिथूनच विचारलं.

"अप्पांचा," जगदेवी म्हणाली. "चुनी कुठं ठेवलीय म्हणून विचारायलेत." आणि फोन परत कानाला लावून तिनं त्याला सांगितलं की चुनी दाराआडच्या पत्र्याच्या डब्यात आहे, झाकण जरा जोर लावून उघडा.